निर्णयसागरी अक्षर आणि आमची बेफिकिरी

"अक्षर वाचतां आलें म्हणजे झालें, तें कोणत्या वळणाचें आहे याची उठाठेव कशाला?" असा सवाल गेल्या श्रावणांत केदारखेडा येथें एका सुशिक्षित तरुणानें आम्हांस केला. सवाल नवा नाहीं. शहरांतल्या छापखान्यांत, प्रकाशकांच्या बैठकींत, शाळांच्या शिक्षकखोल्यांत तो आम्हीं अनेकदां ऐकिला आहे आणि दर वेळीं हंसून सोडूनही दिला आहे. पण या खेपेस तो ज्या प्रसंगीं निघाला तो प्रसंग हंसून सोडण्याजोगा नव्हता. म्हणून हा लेखनप्रपंच.

केदारखेडा हें जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील पूर्णाकांठचें गांव. तेथें आमच्या एका जुन्या स्नेह्यांचें घर आहे. त्या घरांतील आजी आज पन्नासाहून अधिक वर्षें रोज पहांटे शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचीत आल्या आहेत. पोथी मुंबईस छापलेली, आडव्या सुट्या पानांची, लाल बासनांत बांधलेली, सासूकडून सुनेकडे आलेली. तिच्या पानांच्या कडा झडूं लागल्या, मधलीं दोनतीन पानें तर हात लावतांच चुरूं लागलीं, तेव्हां नातवानें मोठ्या प्रेमानें त्या अध्यायाची संहिता मोबाइलवरून उतरून घेतली, शहरांतील एका दुकानांत ती छापविली आणि तारेच्या बांधणीची वही आजींपुढें ठेविली. कागद पांढरा शुभ्र, अक्षर जुन्या पोथीहून मोठें. आजींनीं चष्मा लावला, तीन ओव्या वाचल्या, चौथीला अडखळल्या, पुन्हां पहिलीवर आल्या, आणि वही मिटून देव्हाऱ्याशेजारीं ठेवून दिली. "अक्षरं मोठीं हायेत रे लेकरा," त्या म्हणाल्या, "पण माझ्या वळखीचीं न्हाईत."

नातू हंसला. "आजी, अक्षरं तींच आहेत," असें म्हणून तो आमच्याकडे वळला आणि वर दिलेला सवाल त्यानें केला.

तीं अक्षरें तींच नव्हतीं, असें आमचें म्हणणें आहे. संगणकाच्या लेखीं तीं तींच असतील. युनिकोड नांवाची जी जागतिक संकेतमाला १९९१ सालापासून प्रसिद्ध होत आली, तिनें आमच्या प्रत्येक अक्षरास एक क्रमांक दिला. आकार दिला नाहीं. 'ल' हा अमुक क्रमांकाचा इसम आहे इतकेंच ती सांगते. त्यानें पागोटें घालावें कीं टोपी, हें ठरविणें फॉन्ट रचणाराच्या हातीं आहे. नातवाला क्रमांक दिसत होता, आजींना चेहरा दिसत होता. आणि माणसें ओळखावयाचीं तीं क्रमांकावरून कीं चेहऱ्यावरून, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

आम्हीं दोन्ही पानें शेजारीं ठेवून पाहिलीं. नव्या पानावर सगळी रेषा एकाच जाडीची, तार वांकवून अक्षर केल्यासारखी. शिरोरेषा तेवढीच जाड, दंड तेवढाच जाड, आणि 'म'ची गांठही तेवढीच जाड. त्यामुळें गांठीचें पोट बुजून तेथें नुसता काळा ठिपका उरला होता. जोडाक्षरांची दशा तर विचारूंच नये. 'ब्रह्म' या शब्दांतील 'ह' पाय मोडून पडलेला, त्याच्या शेजारीं 'म' कांहीं संबंध नसल्यासारखा उभा. 'सिद्ध' शब्दांतल्या 'द' आणि 'ध' यांची तीच गत. ओळी इतक्या खेटून बसविलेल्या कीं वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेंत गुंतावा. उलट जुन्या पानावर रेषा कोठें भरलेली, कोठें निमुळती. दंड भारदस्त, पण वळणावर रेषा अलगद बारीक होऊन पुन्हां भरत जाणारी. 'ह्म', 'द्ध', 'ष्ट', 'क्त' हीं जोडाक्षरें एकेका घराप्रमाणें एका शिरोरेषेखालीं एकत्र नांदणारीं. अक्षर आकारानें लहान होतें, तरी पान मोकळें दिसत होतें. सराईत वाचक एकेक अक्षर सोडवीत बसत नाहीं, शब्दाची आकृतीच उचलतो. 'सिद्ध' ही आकृति आजींच्या डोळ्यांत पन्नास वर्षें मुरलेली आहे. 'द'चा पाय मोडून तिचे दोन तुकडे केले म्हणजे आजींना तेथें थांबून पुन्हां बाराखडीपासून आरंभ करावा लागतो. दोष त्यांच्या डोळ्यांचा नव्हता.

या जुन्या अक्षराला आमच्या वडील पिढीचे लोक 'निर्णयसागरी' म्हणत. तें कोठून आलें, हें आज पुष्कळांस ठाऊक नाहीं. म्हणून थोडें मागें जाणें प्राप्त आहे. गोमंतकांत छापखाना १५५६ सालींच आला होता. पण फादर स्टीफन्स यांचें मराठी क्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें तें रोमन अक्षरांत. कारण नागरीसाठीं शेंकडों निरनिराळे सांचे पाडावे लागतात, आणि तितकी यातायात करण्यास कोणी सिद्ध नव्हतें. पुढें बंगाल्यांत श्रीरामपूर येथें कॅरीसाहेबांनीं मराठी व्याकरण १८०५ सालीं नागरी खिळ्यांनीं छापलें. मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं नागरी खिळे सुधारले. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग काढलें आणि मागाहून स्वतःचे खिळेही पाडले. छापील ग्रंथास सोंवळेंओंवळें लागूं नये म्हणून त्यांच्या शाईंत चरबीऐवजीं तूप घालीत, अशी आख्यायिका आहे. हें अक्षर हळूहळू सुधारत होतें. पण त्याला घडीव रूप आलें तें जावजी दादाजी चौधरी यांच्या हातून.

जावजींचा जन्म १८३९ चा. लहानपणीं ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामावर लागले. पगार महिना दोन रुपये. ज्याला आपण आज 'तळागाळांतून वर येणें' म्हणून भाषणांत घोळवितों तें हें. पुढें इतर छापखान्यांत अनुभव घेऊन त्यांनीं १८६४ सालीं स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना सुरू केला. खिळ्याचा मूळ ठसा पोलादाच्या कांडीवर, उलटा, कानशीनें आणि कोरणीनें कोरावा लागतो; तो तांब्यावर ठोकून सांचा करावयाचा, आणि सांच्यांत शिशाचा रस ओतून खिळा पाडावयाचा. नखाएवढ्या जागेंत 'क्ष्म्य' उलटा कोरणें म्हणजे काय, याचा ज्यानें विचार केला असेल त्याला अक्षराच्या वळणाची उठाठेव क्षुल्लक वाटणार नाहीं. हें कोरीव काम राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कसबी माणसाच्या हातचें. आज मराठी साहित्याच्या इतिहासांत चार ओळी लिहिणाऱ्या कवींचींही नांवें सांपडतात. ज्याच्या हातच्या अक्षरांत सबंध महाराष्ट्र वाचावयास शिकला त्या आरूंचें नांव सांपडत नाहीं.

या छापखान्यानें १८८६ पासून 'काव्यमाला' काढून संस्कृत ग्रंथांचा जो ओघ सुरू केला त्यानें मुंबईचें हें अक्षर काशीपासून कांचीपर्यंत पोंचविलें. शास्त्री-पंडितांना शुद्ध पाठासाठीं या आवृत्त्या हव्या असत, हें खरें. पण पाठ शुद्ध राखण्यास अक्षरही तसेंच स्पष्ट लागतें. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ष' आणि 'प' यांचा घोटाळा होणार नाहीं असा खिळा नसेल तर काशिनाथ पांडुरंग परबांसारख्या संशोधकाची विद्वत्ता मुद्रितांतच जिरून जावयाची. जावजी १८९२ सालीं वारले. त्यांच्या मागें तुकाराम जावजी आणि पांडुरंग जावजी यांनीं तो लौकिक पुढें चालविला.

आतां या अक्षराचा गुण कशांत आहे तें पाहूं. पाश्चात्य देशांत 'जुन्या वळणाचे' म्हणून जे टंक प्रसिद्ध आहेत, त्यांचें मूळ रुंद टोंकाच्या लेखणींत आहे. लेखणी तिरपी धरली म्हणजे गोल काढतांना रेषा आपोआप एका बाजूस भरते व दुसऱ्या बाजूस निमुळती होते. गारामों, कॅस्लन इत्यादिकांनीं हेंच हाताचें चलन धातूंत उतरविलें. पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीस बोदोनी आणि दिदो यांनीं लेखणी टाकून देऊन कंपास व पट्टी हातीं घेतली. जाड रेषा अति जाड आणि बारीक रेषा केंसाएवढी केली. पान दिसावयास नखरेल झालें, वाचतांना डोळे दिपूं लागले. आमचा बोरू हाही रुंद टोंकाचा; मात्र तो उलट अंगास तिरपा कापतात. म्हणून नागरींत रेषा भरते ती रोमनच्या विरुद्ध कोपऱ्यांत. निर्णयसागरी खिळ्यानें हें बोरूचें चलन ओळखून राखलें, आणि तेंही बेताबातानें: दिदोचा नखरा नाहीं, तारेचा रुक्षपणाही नाहीं. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला वाहिला आणि अक्षराचा आकार, ओळींतील अंतर, मात्रावेलांटीची ठेवण यांचा उपदेश केला. राष्ट्र उभें करणाऱ्या पुरुषाला ही उठाठेव वाटली नाहीं, एवढें आमच्या पदवीधर मित्रांनीं ध्यानांत घ्यावें.

प्रतिपक्षाचें म्हणणें मात्र आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. त्यांतील सर्वांत वजनदार मुद्दा असा कीं, सुवाच्यता ही संवयीची गोष्ट आहे; आजींना जुनें अक्षर सुवाच्य वाटतें कारण तें त्यांनीं जन्मभर वाचलें, आणि त्यांच्या पणतीला नवें तितकेंच सुवाच्य वाटेल. यांत अर्धें सत्य आहे. जर्मनीत विसाव्या शतकांतही लोक काळ्या कोनदार गॉथिक अक्षरांत मजेंत वाचीत होते, आणि आज त्यांचीच नातवंडें त्या अक्षरांपुढें चांचपडतात. पण संवय ही कांहीं फुंकर मारली कीं उडणारी धूळ नव्हे. एका समाजाच्या दीडशें वर्षांच्या वाचनाची संवय म्हणजे त्याची मिळकत आहे. ती मोडावयाची तर त्याबदल्यांत कांहीं मोठा लाभ दाखवावा लागेल. तो लाभ कोणता, हें आम्हांस अद्याप कोणीं सांगितलेलें नाहीं. आणि उरलेलें अर्धें सत्य हें कीं कांहीं गोष्टी संवयीच्या पलीकडच्या आहेत. लहान आकारांत गांठ बुजणें, उकार खालच्या ओळींत घुसणें, 'ध' आणि 'घ' यांचीं तोंडें सारखीं दिसणें, हें नव्या पिढीच्या डोळ्यांनाही बाधतेंच. फरक इतकाच कीं तिनें दुसरें कांहीं पाहिलेलें नसल्यामुळें तक्रार कोणाची करावी हें तिला कळत नाहीं.

दुसरा मुद्दा सोयीचा. जुन्या अक्षराला शेंकडों खिळे लागत, जुळाऱ्याला खणांच्या भिंतीपुढें येरझारा घालाव्या लागत, हें आम्हांस मान्य आहे. खिळ्याबाहेर लोंबणाऱ्या मात्रा आणि रफार छापतां छापतां तुटत. जुन्या पुस्तकांत वेलांटीवांचून रडणारे शब्द ज्यानें पाहिले नाहींत, त्यानें जुनीं पुस्तकें पाहिलीं असें आम्ही समजत नाहीं. याच जाचाला कंटाळून लोकमान्यांनीं केसरीसाठीं खिळ्यांची संख्या घटविण्याचा खटाटोप केला. सावरकरांनीं 'अ'चीच बाराखडी करून 'इ', 'उ', 'ए' हीं अक्षरें काढून टाकण्याचा पुरस्कार केला. हरि गोविल यांनीं अमेरिकेंत नागरी लायनोटाइपसाठीं अक्षरांची काटछाट केली. त्या सर्वांचा हेतु शुद्ध होता. यंत्र अक्षराला सामावून घेईना, म्हणून अक्षरानें यंत्राप्रमाणें अंग चोरावें, असा तो तह होता. आणि टंकलेखनयंत्राच्या काळांत तो कदाचित् अपरिहार्यही होता.

पण आज? आज यंत्राचीच अट उरलेली नाहीं. संगणकाला 'द्ध' जोडून काढण्यास 'द्‌ध' तोडून काढण्यापेक्षां एक दमडीही अधिक लागत नाहीं. फॉन्टांत हजार जोडाक्षरें भरून ठेवलीं तरी कोणा जुळाऱ्याचे पाय दुखत नाहींत, मात्रा तुटत नाहीं, शिसें झिजत नाहीं. १६०० सालच्या सुमारास फादर स्टीफन्ससारख्यांपुढें जी अडचण होती, १९०० च्या सुमारास टिळकांपुढें जी होती, ती चार शतकांनंतर एकदांची संपली. आणि नेमक्या त्या घटकेला आम्हीं अडचणीच्या दिवसांत पत्करलेलें मोडकें अक्षर आधुनिक म्हणून मिरवावयास लागलों! दुष्काळांत कोंडा खाल्ला याबद्दल कोणी कोणास नांवें ठेवीत नाहीं. सुगीच्या दिवशीं धान्य बाजूला सारून कोंड्याचें पान वाढणाऱ्या यजमानाला मात्र काय म्हणावें?

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. नाहींतर आम्हांवर जुन्याच्या हट्टाचा आरोप यावयाचा. निर्णयसागरी वळण सर्वत्र चालवावें असें आम्ही म्हणत नाहीं. एस्‌. टी.च्या गाडीवरील पाटी, औषधाच्या बाटलीवरील सूचना, रस्त्यावरील गांवाचें नांव, मोबाइलच्या पडद्यावरील दोन ओळींचा निरोप, यांना एकजाड रेषेचें साधें अक्षर शोभतें. धांवत्या गाडींतून 'केदारखेडा' ही पाटी वाचावयाची तर तेथें बोरूची नजाकत हवी कोणाला? प्रारंभींच्या संगणकांच्या पडद्यांना बारीक रेषा पेलत नव्हती, हेंही खरें. आणि त्या मर्यादांत राहून दिवंगत रा. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरमर्मज्ञानें 'मंगल' हा टंक सिद्ध केला, त्याचे आम्ही ऋणीच आहों. पण तो पडद्यावर कामकाज करण्यासाठीं. त्याच अक्षरांत सहाशें पानांची कादंबरी, संतांची गाथा, कोश आणि पोथी छापणें म्हणजे कचेरींत घालावयाच्या बुटांनीं देवळांत जाण्यासारखें आहे. दीर्घ वाचनासाठीं जें अक्षर हवें तें निराळें. तें डोळ्यांस टोंचूं नये, स्वतःकडे लक्ष वेधूं नये, शंभराव्या पानावरही पहिल्या पानाइतकेंच शांत राहावें. निर्णयसागरी अक्षराचा उपयोग तेथें आहे: पोथींत, निबंधांत, कथाकादंबरींत, संस्कृत-मराठी एकत्र येणाऱ्या शास्त्रीय ग्रंथांत. उलट त्यांत जाहिरात छापली तर ती पंचांगासारखी दिसते, हें आम्हीं पाहिलेलें आहे.

'ल' आणि 'श' यांची गोष्ट तर अधिकच लाजिरवाणी. मराठीचा 'ल' दोन पाकळ्यांचा. मराठीचा 'श' देंठाचा. हिंदी मुद्रणांत या दोहोंचीं रूपें निराळीं आहेत, आणि तीं त्यांच्या जागीं योग्यच आहेत. मुंबईच्या खिळ्यांचा दरारा एके काळीं असा होता कीं 'अ', 'झ', 'ण' यांचीं उत्तरेकडील जुनीं रूपें मागें पडून हिंदीच्या प्रमाण वर्णमालेंतही मुंबईकडचींच रूपें स्वीकारलीं गेलीं. म्हणजे आमचीं तीन अक्षरें त्यांनीं आदरानें घरांत घेतलीं, आणि आम्हीं? आम्हीं आमचीं स्वतःचीं दोन अक्षरें विसरलों, कारण मोबाइल बनविणाराच्या फॉन्टांत तीं आधीं दिसलीं नाहींत. शासनानें ६ नोव्हेंबर २००९ रोजीं मराठी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला आणि १० नोव्हेंबर २०२२ रोजीं तो सुधारून पुन्हां काढला. पाकळीचा 'ल' आणि देंठाचा 'श' त्यांत मान्य आहे. पण शासननिर्णय कोणत्या अक्षरांत टंकलिखित होतो, दुकानाची पाटी कोणत्या अक्षरांत रंगते आणि लग्नपत्रिका कोणत्या अक्षरांत छापली जाते, हें वाचकांनीं आपआपल्या घरांतील ताज्या पत्रिका काढून पाहावें. 'शुभविवाह' शब्दांतील 'श' कोणत्या प्रांताचा आहे तें दिसेल. मराठीसाठीं निराळें रूप दाखविण्याची सोय आजच्या चांगल्या फॉन्टांत असते. मजकुराची भाषा मराठी आहे एवढें संगणकाला सांगावें लागतें. तेवढेंही सांगण्याचे श्रम आम्हांस होतात.

वास्तविक मराठवाड्यासारख्या मुलखानें तरी याविषयीं अधिक जागरूक असावयास हवें. भोकरदन म्हणजे जुनें भोगवर्धन; तेथील दात्यांचीं नांवें सांचीच्या स्तूपावर ब्राह्मी अक्षरांत कोरलेलीं आजही पाहावयास मिळतात. इतक्या जुन्या अक्षरओळखीचा हा प्रांत १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. दरबाराची आणि वरिष्ठ शिक्षणाची भाषा उर्दू. अशा ठिकाणीं खेड्यांतल्या घरांत मराठी छापील अक्षर शिरलें तें मुख्यत्वेंकरून पोथी-पंचांगाच्या वाटेनें. ज्या बायकांना शाळेचा उंबरठा दिसला नाहीं त्यांनीं सासऱ्याच्या किंवा दिराच्या मागें बसून, ओव्या आधीं पाठ करून आणि मग पानावर बोट ठेवून, अक्षरें लावलीं. केदारखेड्याच्या आजी याच मार्गानें वाचावयास शिकल्या. त्यांचें विद्यापीठ म्हणजे ती लाल बासनांतली पोथी. ज्या अक्षरानें हें काम केलें त्याला 'जुनाट' म्हणून बाजूस सारणाऱ्यांनीं, आपल्या नव्या अक्षरानें किती आजींना वाचावयास शिकविलें, याचा हिशेब एकदां मांडावा.

इंग्लंडांत कॅस्लनच्या अक्षरावरही हाच प्रसंग आला होता. अमेरिकेचा १७७६ सालचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्यांत प्रथम छापला गेला तें हें अक्षर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मागासलेलें ठरून अडगळींत पडलें. १८४४ सालीं लंडनच्या चिझिक छापखान्यानें एका पुस्तकासाठीं तें बाहेर काढलें, लोकांस तें आवडलें, आणि पुढें बर्नार्ड शॉसारखा कडवा आधुनिकही आपलीं पुस्तकें कॅस्लनमध्येंच छापलीं पाहिजेत म्हणून हटून बसला. समाजवाद नवा, नाटक नवें, स्पेलिंगही नवें मागणारा हा माणूस. पण अक्षर जुनें! कारण त्याला आपलें म्हणणें लोकांनीं वाचावयास हवें होतें. आमच्याकडे नागरीच्या मुद्रणाचा अभ्यास झालाच नाहीं असें नाहीं. शासकीय मुद्रणालयांचे संचालक असलेल्या बापूराव नाईक यांनीं नागरी टंकांवर तीन खंडांचा ग्रंथ १९७१ सालीं सिद्ध केला. प्रियोळकरांनीं भारतांतील मुद्रणाचा इतिहास १९५८ सालीं लिहिला. दोन्ही ग्रंथ इंग्रजींत, ही गोष्ट वेगळी. राज्य मराठी विकास संस्थेनें 'यशोमुद्रा' सारखा टंकही लोकांसाठीं खुला केला. तरी मन खिन्न होतें तें पुढील गोष्टीनें. हार्वर्ड विद्यापीठानें मूर्ती ग्रंथमाला काढली, २०१५ सालीं तिचे पहिले ग्रंथ बाहेर आले. त्यांच्यासाठीं फिओना रॉस आणि जॉन हडसन या परदेशस्थ कलावंतांनीं जाडबारीक रेषेचा, परंपरागत जोडाक्षरांचा नागरी टंक मुद्दाम घडविला. आणि पुढें 'टिरो देवनागरी मराठी' या नांवानें, आमच्या 'ल' आणि 'श' सह, तो सर्वांस मोफत खुला झाला. अमेरिकेंतल्या विद्यापीठाला आमच्या अक्षराची उठाठेव करावीशी वाटली; जे प्रकाशक वर्षाला हजारों पोथ्या खपवितात त्यांतल्या बहुतेकांस ती वाटत नाहीं.

आमचें मागणें फार मोठें नाहीं. पोथी, गाथा, कोश आणि कथाकादंबरी छापणाऱ्यांनीं पान जुळवितांना जोडाक्षर जोडूनच काढावें. पाकळीचा 'ल' आणि देंठाचा 'श' वापरावा. दोन ओळींत उकार व मात्रा दोघांनाही श्वास घेतां येईल इतकी जागा सोडावी. आणि पुस्तक कोणत्या टंकांत छापलें आहे तें मुद्रकाच्या नांवाशेजारीं सांगावें. हें शेवटचें आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. नांव छापावें लागलें म्हणजे निवड करावी लागते. ग्रंथपरीक्षण लिहिणाऱ्यांनींही, आम्ही स्वतः धरून, बांधणी आणि मुखपृष्ठ यांवर दोन वाक्यें खर्चण्याआधीं आंतल्या अक्षरावर एक खर्चावें. आम्हीं वर्षानुवर्षें या मासिकांत परीक्षणें लिहिलीं. अक्षराविषयीं एक शब्द लिहिल्याचें आठवत नाहीं.

केदारखेड्याचा प्रसंग अर्धवट राहिला. आम्हीं नातवाशीं वाद घालण्यांत तो दिवस घालविला, पण परत आल्यावर त्याच संहितेचें पान जुन्या वळणाच्या मोफत टंकांत आम्हींच बसविलें. जोडाक्षरें जोडलीं, ओळी मोकळ्या केल्या, आडव्या कागदावर छापून पानें सुटींच ठेविलीं आणि नातवाबरोबर धाडून दिलीं. पंधरा दिवसांनीं त्याचा फोन आला. आजी रोज त्याच पानांवरून वाचतात, जुनी पोथी बासनांत बांधून देव्हाऱ्यांत ठेविली आहे, असें तो म्हणाला. आणि मग थोडा अडखळून, आजींनीं एक निरोप सांगितला आहे, असें म्हणाला. सत्ताविसाव्या ओवींत एका शब्दाची वेलांटी ऱ्हस्व पडली आहे. जुन्या पोथींत ती दीर्घ होती. आम्हीं पडताळून पाहिलें. चूक आमचीच होती.